भाऊजींचा हातगुण

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गाडी सुरू करत नसत. ते गाडी सुरू करून दाखवत. फरक कळायला एखाद्या सकाळी त्यांच्या फाटकाशी उभं राहायला हवं होतं. आधी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या जायच्या. मग बॉनेट उघडून ते आत वाकायचे आणि इंजिनाकडे अशा गंभीर चेहऱ्याने बघायचे, की बाहेर उभ्या असलेल्यांना आपण पेशंटचे नातेवाईक आहोत असं वाटावं. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या दोन क्लिपा उघडायच्या, खिशातलं व्हिजिटिंग कार्ड हातात घ्यायचं, आत काहीतरी नाजूक खुडबुड करायची, एक फुंकर मारायची, झाकण लावायचं आणि मान वर न करता म्हणायचं, “हं, मार सेल्फ.” आत बसलेली ताई किल्ली फिरवायची, गाडी दोनदा खोकून सुरू व्हायची आणि भाऊजी रुमालाला बोटं पुसत गल्लीकडे बघायचे. गल्लीत कुणी नसलं, तर कुणीतरी येईपर्यंत पुसत राहायचे.

गाडी जुनी, चौकोनी तोंडाची, बदामी रंगाची. ज्या काचकारखान्यात भाऊजी नोकरीला होते, तिथल्या मोठ्या साहेबांनी नवी घेतली तेव्हा ही त्यांनी भाऊजींच्या गळ्यात मारली. भाऊजी मात्र “साहेबांनी विश्वासाने सोपवली” असं सांगत. गाडीला ते बाईसाहेब म्हणायचे. “बाईसाहेब आज जरा रुसल्यात”, “बाईसाहेबांना थंडी सोसत नाही.” घरातल्या बाईला ते अगं म्हणायचे.

पॉइंट म्हणजे काय, ते मला शिवणयंत्रापलीकडे यंत्र ठाऊक नसतानाही पाठ झालं होतं, कारण भाऊजी ते जेवताना समजावून सांगत. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली धातूचे दोन इवलेसे ठिपके असतात. ते मिटतात, उघडतात, आणि त्या उघडमिटीतून प्लगला ठिणगी मिळते. ते काळवंडतात, झिजतात, त्यांच्यातली फट हलते, म्हणून अधूनमधून घासून फट नीट करावी लागते. साधं काम आहे. पण भाऊजींच्या तोंडून ऐकलं की वाटायचं, हृदयाच्या झडपेबद्दल चाललंय. त्यात बोलताना “माझा पॉइंट लक्षात घ्या” ही त्यांची जुनी सवय. गल्लीने दोन्ही एकत्र करून त्यांना पॉइंटसाहेब करून टाकलं होतं. त्यांना वाटायचं, तो मान आहे.

मान त्यांना दुसरीकडे कुठे मिळत नव्हता, हेही सांगायला हवं. कारखान्यात ते पॅकिंग खात्याचे उपव्यवस्थापक होते. खात्यात काचा गवतात गुंडाळून खोक्यात भरत, आणि गुंडाळणारे भाऊजींना न विचारता गुंडाळत. पदाबरोबर त्यांना व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे छापून मिळाले होते. पण खोक्यांना कार्ड कोण देतं? म्हणून ते गठ्ठे घरी आले आणि पॉइंट पुसायला लागले. त्या कार्डांचा त्याहून चांगला उपयोग कधीच झाला नव्हता.

आता ताईबद्दल. ताईचा हात चित्राचा. लहानपणी कोळसा मिळाला तर भिंत, नाही मिळाला तर माझी पाठ. लग्नानंतर ती गाडी शिकली, रीतसर क्लास लावून, आणि शिकवणाऱ्याने भाऊजींच्या देखतच सांगितलं की ताईंचा क्लच फार हलका, अशी माणसं थोडी असतात. भाऊजी गाडी मागे घेताना फाटकाचा खांब दोनदा पाडून बसले होते. नुसते हसले. त्या हसण्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

लायसन्स हातात आलं आणि थोड्याच दिवसांत ताईला नोकरी चालून आली. कालव्यापलीकडे, वस्तीबाहेर, ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा होती. तिथे चित्रकलेच्या बाई हव्या होत्या. ताईची चित्रं बघून मुख्याध्यापिकेने जागच्या जागी होकार दिला. अडचण एवढीच की सकाळच्या घंटेला पोचेल अशी बस तिकडे जात नव्हती. पण दारात गाडी होती. भाऊजींचा कारखाना शेजारच्या गल्लीत, ते चालत जायचे. ताईने आदल्या दिवशी साडीला इस्त्री केली, रंगाची पेटी भरली. सकाळी गाडीत बसली, किल्ली फिरवली. सेल्फ घरघरला, इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा तेच. बॅटरी दमेपर्यंत तेच. भाऊजी कारखान्यातून आले, बाह्या दुमडल्या, वाकले, फुंकर मारली, आणि गाडी सुरू झाली. तोवर शाळेची मधली सुट्टी झाली होती.

मुख्याध्यापिका भली, तिने दुसरा दिवस दिला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. ताईने गॅरेजवाल्याला बोलावणं धाडलं, तर तो यायच्या आत भाऊजी हजर. जन्मात कधी भरभर पाऊल न उचललेला माणूस त्या दिवशी धापा टाकत आला. तिसरा दिवस ताईने मागितलाच नाही. “गाडीचा भरवसा नाही, मुलं खोळंबतील,” असं तिनेच कळवून टाकलं.

आमच्या आईने तर त्यावर शिक्काच मारला. “जावईबापूंचा हातगुणच तसा आहे. त्यांचा हात लागला की निर्जीव वस्तूसुद्धा ऐकते. तुझा नाही गं हातगुण, सोडून दे.” आई हे प्रेमाने म्हणायची, म्हणून ते ताईच्या मनात खोल जाऊन बसलं. पुढे ती स्वतःच सांगायला लागली. विजेचा दिवा गेला तरी म्हणायची, मी बटण दाबलं असेल. कुंडीतलं रोप वाळलं तरी म्हणायची, मीच लावलं होतं ना. रविवारी भाऊजी गाडी सुरू करून द्यायचे आणि तिला मोकळ्या मैदानात दोन चकरा मारू द्यायचे, शेजारी बसून, एक हात हँडब्रेकवर ठेवून. त्याबद्दल ती त्यांचे आभार मानायची. मला ते बघवत नसे, पण मी काय बोलणार? मलाही वाटायचं, असेल बाई काहीतरी हाताचं.

अशी वर्षं गेली. भाऊजी निवृत्त झाले आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या मंडळात शिरले. तिथे निम्म्या लोकांनी केव्हाच पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं. भाऊजी त्यांच्यावर तुटून पडायचे. गाडीचा आत्मा पॉइंटात असतो. ज्याने पॉइंट काढले त्याने गाडीला पेसमेकर लावला. उद्या म्हणाल, गाडी आपोआप सुरू व्हावी. समोरचा म्हणायचा, साहेब, तेच तर म्हणतोय, आपोआप सुरू व्हावी. यावर भाऊजी म्हणायचे, माझा पॉइंट तुमच्या लक्षात येत नाहीये. पॉइंट मलाही फार उशिरा लक्षात आला.

ताईचा मुलगा परगावी इंजिनिअर. वडिलांचं हे पॉइंटपुराण त्याने लहानपणापासून ऐकलेलं. त्याने बिचाऱ्याने कौतुकाने वडिलांच्या वाढदिवसाला नेमकं ते इलेक्ट्रॉनिक इग्निशनच भेट पाठवलं, बदामी गाडीला बसेल असं. फोनवर समजावून सांगितलं की पॉइंटांच्या जागी काळी डबी बसते, वरच्या दांड्याला लोहचुंबकाचं कडं, दोन वायरी कॉइलला, बस. घासणं नाही, फट नाही, झिजणं नाही. आईनेही किल्ली फिरवली की सुरू. हे शेवटचं वाक्य त्याने सहज टाकलं. भाऊजींनी पोराचं तोंड भरून कौतुक केलं आणि खोकं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, कारखान्याने दिलेल्या फुलदाण्यांच्या रांगेत ठेवून दिलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, “पोराची आठवण आहे. ती काय गाडीत घालून खराब करायची?”

ते खोकं तिथेच जुनं झालं असतं. पण भाऊजींना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि काही दिवस अजिबात वाकायचं नाही अशी ताकीद दिली. वाकायचं नाही म्हणजे बॉनेटमध्येही नाही. तपासणीला तर परत जायचं होतं. ताईने सवयीने एकदा किल्ली फिरवून पाहिली. गाडी सवयीने पेटली नाही. तेवढ्यात मुलाचा फोन आला, आणि त्याने मलाच सांगितलं की मावशी, तू बसवून घे, बाबांच्या नादी लागू नकोस.

मी गॅरेजवाल्याला घेऊन आले. त्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण त्याचं तोंड कधी बंद नसतं. आल्या आल्या त्याने आपण किती गाड्यांना हे बसवलं, किती जणांनी पाया पडून आभार मानले, हे सांगायला सुरुवात केली. आणि तक्रारही केली, की या गाडीचे ब्रेक मी केले, क्लच मी केला, सायलेन्सर तर केलाच केला, पण साहेबांनी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला कधी बोट लावू दिलं नाही. जसं काही आत सोनं ठेवलंय.

बॉनेट उघडल्याचा आवाज ऐकून भाऊजी आतल्या खोलीतून भिंतीला हात लावत लावत बाहेर आले. काळा चष्मा, अंगात बनियन, तोंडचं पाणी पळालेलं. कोणी हात लावू नका म्हणाले. मग म्हणाले, लावा, पण आधी मला एकदा बघू द्या. सायलेन्सर म्हणाला, त्यात बघायचं काय, सगळं काढूनच टाकायचंय. भाऊजी म्हणाले, तरी एकदा, नुसतं झाकण उघडून, अर्धा मिनिट. आणि वाकायला लागले.

ताईने धावत येऊन त्यांचा दंड धरला. वाकायचं नाही सांगितलंय ना, टाका तुटला तर, डोळा जाईल. भाऊजी म्हणाले, काही होत नाही. ताई म्हणाली, मी आहे ना, मी बॅटरी धरते, तुम्ही इथे खुर्चीवर बसा. तिने खुर्ची आणली, त्यांना दोन्ही खांद्यांना धरून बसवलं, पाणी दिलं. इतक्या काळजीने कुणी कुणाला फासावर नेलं नसेल. भाऊजी पुन्हा उठले, तिने पुन्हा बसवलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय त्या पॉइंटांत, आणि क्षणभर मला त्यांची दयासुद्धा आली. ती दया मी नंतर परत घेतली.

ताईने बॅटरीचा झोत धरला. सायलेन्सरने क्लिपा उघडल्या, झाकण बाजूला केलं, फिरणारा रोटर उपटून काढला, आणि हसायला लागला.

“अहो साहेब, पॉइंटात कागद राहिलाय की तुमचा.”

पांढऱ्या पुठ्ठ्याची अरुंद पट्टी, दोन ठिपक्यांच्या मधोमध नीट बसवलेली. सायलेन्सरने ती चिमट्याने ओढून ताईच्या तळहातावर ठेवली. पट्टीवर छापील अक्षरांत ‘उपव्यव’ एवढं वाचता येत होतं. उरलेलं कात्रीने गेलं होतं. चुकून राहिलेली नव्हती ती. कापून, मापाने घातलेली होती. कापड मापाने कापलेलं आहे की फाटलंय, हे मला कुणी सांगायला नको.

ताईने हळूच विचारलं, हे असं आत असलं की काय होतं. सायलेन्सर खुशीत आला, त्याला तर हवंच होतं. पॉइंट मिटतच नाहीत, करंट नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी संपेल पण गाडी पेटायची नाही. आणि काढलं की? काढलं की लगेच सुरू. मग असं कशाला कुणी घालेल?

“चोरासाठी घालतात, ताई. जुनी युक्ती आहे. चोर किल्ली फिरवत बसतो, गाडी काही हलत नाही.”

ताईने पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग खुर्चीकडे बघून म्हणाली, “आमच्याकडे चोर मीच.”

सायलेन्सर पहिल्यांदाच गप्प झाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला वाटत होतं, ते कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे आणावेत आणि एकेक कार्ड त्या माणसाच्या तोंडावर मारावं. गाडी काढताना हातात कार्ड, गाडी ठेवताना हातात कार्ड, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. आम्ही समजत होतो, ते पुसतायत. ते घालत होते आणि काढत होते. आणि आमची आई मरेपर्यंत या माणसाच्या हातगुणाचं कौतुक करत राहिली.

ताई मात्र रडली नाही, की ओरडली नाही. बॅटरीचा झोत पुन्हा आत धरून सायलेन्सरला म्हणाली, “बसवा ते नवीन. त्यात असं काही घालायला फट राहते का, तेवढं बघा.”

फट राहत नव्हती. पॉइंट निघाले, त्यांच्या शेजारचा कंडेन्सर निघाला, काळी डबी त्याच तबकडीवर बसली, दांड्यावर कडं चढलं, लाल वायर कॉइलच्या एका बाजूला, काळी दुसऱ्या बाजूला. सायलेन्सरने टायमिंग बघायला गाडी सुरू करा म्हटलं. ताई बसली. किल्ली अर्धी फिरली न फिरली तोच इंजिन सुरू झालं. खोकला नाही, रुसवा नाही. बाईसाहेब इतक्या मुकाट्याने सुरू होतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ताईने बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. सायलेन्सर म्हणाला, ताई झालं, टायमिंग बघू द्या. ती थांबेना.

भाऊजींना सावरायला संध्याकाळ पुरली. फाटकाशी उभे राहून शेजाऱ्याला सांगताना मी त्यांना या कानांनी ऐकलं, की शेवटी बसवून घेतलं इलेक्ट्रॉनिक, म्हटलं हिला सोपं जाईल, बायकांना पॉइंट जमत नाहीत. शेजाऱ्याने मान डोलावली. गल्लीत बातमी पसरली की पॉइंटसाहेबांनी बायकोसाठी आत्मा सोडला. मोठेपणा मिळवायची एवढी अंगभूत हुशारी कारखान्यात दाखवली असती, तर मालक झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांची तपासणी होती. ताईने गाडी काढली. भाऊजी बाजूच्या सीटवर, काळा चष्मा लावून, हात सवयीने हँडब्रेककडे गेलेला. ताईने तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. मी मागे. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. भाऊजी एकदा म्हणाले, गिअर उशिरा टाकलास. गिअर वेळेवर पडला होता.

चौकात लाल दिव्याला थांबल्यावर ताईने विचारलं, “शाळेत पहिल्या दिवशी जायचं होतं, त्या सकाळीही घातलं होतं का?”

भाऊजींनी बराच वेळ चष्मा सारखा केला. “अगं, माझा पॉइंट समजून घे. तो रस्ता कसला होता? ट्रक, वळणं, कालव्याचा अरुंद पूल. तू नवशिकी. काळजीपोटी केलं मी. मला तरी कुठे बरं वाटत होतं?”

“दुसऱ्या दिवशीही?”

“काळजी काय एका दिवसात संपते का?”

दिवा हिरवा झाला. नेत्रालय उजवीकडे होतं. ताई डावीकडे वळली. भाऊजींना दिसत नसलं तरी वळण कळलं. ते म्हणाले, इकडे कुठे? ताई म्हणाली, कसला रस्ता होता ते बघून येऊ.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना वखारी, मग मोकळी जागा, मग कालवा. पूल इतका रुंद, की समोरून दुधाचा टँकर आला तरी ताईला गाडी कडेला घ्यावी लागली नाही. मी आठवून बघितलं, पूर्वीही हाच पूल होता. पुलापलीकडे पिवळ्या भिंतीची शाळा. फाटकाजवळ ताईने गाडी उभी केली. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण घरातून निघताना मी तोंडात टाकलेली खडीसाखर अजून विरघळली नव्हती.

ताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. आत मैदानात मुलं पळत होती, हातांनी एकमेकांशी बोलत होती. “एवढंच होतं?” ती म्हणाली. कुणाला विचारलं, ते कळलं नाही. मग पुन्हा म्हणाली, “एवढंच होतं होय?” आणि आता मात्र तिला रडू फुटलं.

भाऊजींनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघायचा प्रयत्न केला. डॉक्टर थांबायचे नाहीत, म्हणाले. नंबर जाईल. उशीर होतोय.

“होऊ दे,” ताई म्हणाली. “पुन्हा बोलावतील की नाही, हे डोक्यात घेऊन तुम्हीही बसून बघा जरा, मी बसले होते तसं.”

तिने किल्ली काढून पर्समध्ये टाकली, डोळे पुसले आणि उतरून शाळेच्या फाटकातून आत गेली. भाऊजी मागे वळून मला म्हणाले, तिला हाक मार.

मी मारली नाही.